मातीच्या जुन्या भिंतींना सिमेंट का चालत नाही? आणि आता पाऊसच बदललाय त्याचं काय करायचं?

कोरडी_ओल

नमस्कार मंडळी, आर्किटेक्चरच्या शेवटच्या वर्षाला आहे आणि डेझर्टेशनला विषय घेतलाय मातीच्या ऐतिहासिक वास्तू आणि बदलतं हवामान. विषय घेताना भारी वाटला होता, आता डोक्याला ताप झालाय.

प्रश्न तसा सरळ आहे. जे वाचते त्यात एकच पालुपद, मातीला माती लावा, सिमेंट लावू नका. ठीक आहे, मान्य. पण पाऊस पूर्वीसारखा राहिलेला नाही ना, कुठे वर्षाचा एका रात्रीत पडतोय, कुठे जिथे नुसता बर्फ पडायचा तिथे पाऊस पडतोय, मग आजोबा-पणजोबांच्या काळातला मातीचा गिलावा आत्ताच्या पावसाला कसा पुरणार? वरून एखादं पाणी अडवणारं केमिकल मारलं किंवा पातळ सिमेंटचा थर दिला तर नक्की बिघडतं काय? गाईड सरांना विचारलं तर ते म्हणाले 'भिंतीला श्वास घेता आला पाहिजे' आणि मीटिंगला निघून गेले. भिंत श्वास घेते म्हणजे काय घेते हो? प्लीज कुणीतरी नीट समजावून सांगा, कोट करायला नाही, मला स्वतःला कळायला पाहिजे.

गिलावेकर

ताई, श्वास वगैरे काही नाही, ते आमच्या लाइनमध्ये बोलायची पद्धत पडलीये. भिंतीत पाणी शिरतं आणि भिंतीतून पाणी बाहेर पडतं, ह्या दोन गोष्टींचा हिशोब आहे सगळा. शिरतं त्यापेक्षा बाहेर जास्त पडत असेल तर भिंत जगते.

आधी माती उभी कशी राहते ते बघ. भट्टीत भाजलेली वीट वेगळी, तिच्यातली माती कायमची बदललेली असते. कच्च्या विटेत किंवा ठोकून बसवलेल्या मातीच्या भिंतीत असं काही झालेलंच नसतं, रेती आणि गाळाचे कण चिकणमातीने धरून ठेवलेले असतात आणि त्या चिकणमातीला पकड देतो तो कणाकणांमधला पाण्याचा अगदी बारीक पापुद्रा. वाळूचा किल्ला आठव. कोरडी वाळू घसरते, थोडी ओली असली की बुरूज उभा राहतो आणि लाट आली की बसतो. मातीच्या भिंतीत चिकणमाती असल्यामुळे ती कोरडी पण घट्ट राहते, पण ओल वाढत गेली की ताकद कमी होत जाते हे तिथेही खरंच. म्हणजे मातीच्या भिंतीचा भरवसा ती किती कोरडी आहे ह्यावर असतो.

आता तू वरून सिमेंट लावलंस. सिमेंट कडक, माती ओलीसुकी झाली की फुगते-आकसते, सिमेंट तिच्याबरोबर हलत नाही. मग बारीक भेगा पडतात, केसाएवढ्या. पाऊस त्या भेगेतून आत जातो, जमिनीतली ओल खालून चढते, आणि बाहेर पडायला मात्र वाट नाही कारण त्या केसाएवढ्या भेगेतून पाणी आत जाताना धावत जातं पण वाफ होऊन परत यायला तिला अख्खी भिंत मोकळी लागते. केमिकलचंही तेच. पृष्ठभागावर पाणी थांबवणारं काहीही मारलंस तरी पाणी मागून येणारच, छपरातून, जोत्यातून, आणि मग त्या थराच्या मागे साचणार आणि एक दिवस पुढचा पापुद्रा मागची माती घेऊन सुटणार.

एक प्रसंग सांगतो. एका जुन्या मातीच्या भिंतीवर आधीच्या दुरुस्तीत सिमेंटचा गिलावा केलेला, बाहेरून एकदम टकाटक, सगळे म्हणत होते ही बाजू चांगली आहे, हिला हात लावू नका. मी बोटाच्या पेराने ठोकत गेलो तर जोत्यापासून गुडघ्याएवढ्या उंचीपर्यंत आवाज पोकळ. तळहाताएवढी खिडकी कापली. आत माती इतकी ओली की बोट टेकवलं तर ठसा उमटला, आणि त्याच्या खाली तर माती नव्हतीच, बसून गेली होती. गिलाव्याने नसलेल्या भिंतीचा आकार धरून ठेवला होता. मातीचा गिलावा असता तर त्याचे पोपडे आधीच पडले असते, कुणीतरी पाहिलं असतं, दुरुस्ती झाली असती. सिमेंटने आजार झाकला.

हे काही माझंच शहाणपण नाही. न्यू मेक्सिकोत रांचोस दे ताओस म्हणून गाव आहे, तिथलं कच्च्या विटांचं चर्च, साठच्या दशकात 'दरवर्षीची कटकट नको' म्हणून त्याला सिमेंटचा कडक गिलावा केला आणि साधारण दहा-बारा वर्षांतच तो खरवडून परत मातीवर यावं लागलं कारण आतल्या विटा ओलीने मऊ पडत होत्या. आता तिथले लोक दरवर्षी उन्हाळ्यात जमून हातांनी लिंपतात.

मेघदूत_नव्हे

गिलावेकर दादांनी भिंतीचं सांगितलं, मी आभाळाचं सांगतो, मी हवामानाच्या आकड्यांत रमणारा माणूस.

पहिलं म्हणजे 'पाऊस वाढलाय' हे वाक्य डेझर्टेशनमध्ये लिहू नकोस, पहिल्याच पानावर पकडतील. काही ठिकाणी वर्षाचा एकूण पाऊस कमीही झालाय. मुद्दा आहे तो कसा पडतो आणि कधी पडतो. हवा एक अंशाने तापली की तिच्यात साधारण ७ टक्के जास्त बाष्प मावतं, त्यामुळे कोसळतो तेव्हा जास्त जोरात कोसळतो. मातीच्या भिंतीला आठवडाभर रिपरिप आणि दोन तासांत तेवढंच पाणी हे दोन वेगळे प्रसंग आहेत. दुसऱ्यात पन्हळी भरून वाहतात, छपरावर पाणी तुंबतं, थेंब जमिनीवर आपटून उडतात आणि भिंतीचा पाय धुऊन काढतात.

आणि 'कधी'चं उदाहरण पाहिजे तर मालीमधलं जेन्ने बघ. तिथली मोठी मशीद, आत्ताची इमारत १९०७ ची, पूर्ण कच्च्या मातीची, भिंतींतून ताडाच्या लाकडाचे खुंट बाहेर आलेले असतात, शोभा म्हणूनही आणि लिंपणाऱ्यांना चढायला परांची म्हणूनही. पावसाळा साधारण जून ते सप्टेंबर, त्याच्या आधी अख्खं गाव मिळून ती लिंपतं. २००९ मध्ये ५ नोव्हेंबरला, म्हणजे पावसाळा उलटून गेल्यावर, २४ तासांत ७५ मिलिमीटर पाऊस झाला आणि दक्षिणेकडच्या मनोऱ्याचा वरचा भाग कोसळला. आता ७५ मिलिमीटर आकडा ऐकून कुणाला हसू येईल, पण पावसाळाभर झिजलेल्या गिलाव्यावर तो पडला असणार हे लक्षात घे. एकाच घटनेवरून हवामानबदल सिद्ध होतो असं मी म्हणत नाहीये, फक्त लिंपायचं वेळापत्रक पावसाच्या वेळापत्रकावर बेतलेलं असतं आणि ते हललं की काय होतं एवढं त्यातून दिसतं.

अजून एक, चीनमधलं पिंगयाओ. ऑक्टोबर २०२१ मध्ये शान्सी प्रांतात काही दिवस सलग मुसळधार, तटबंदीचा साधारण २५ मीटरचा तुकडा खाली आला. ती भिंत बाहेरून विटांची दिसते पण पोटात ठोकलेली माती आहे. पोटात पाणी मुरलं की माती जड होते आणि नेमकी तेव्हाच कमकुवतही होते. वजन वाढलं, ताकद गेली, दोन्ही एकदम.

लडाख-स्पितीचा प्रश्न तर आणखी वेगळा. लेहला वर्षभरात जेमतेम १०० मिलिमीटरच्या आसपास पडतं, त्यामुळे तिथल्या गोंपांची, म्हणजे बौद्ध मठांची, छपरं सपाट, मातीची. बर्फ पडला तर फावड्याने ढकलता येतो. पाऊस कसा ढकलणार? स्पितीतल्या ताबोचा मठ इसवी सन ९९६ चा, आत मातीच्या भिंतींवर हजार वर्षांची चित्रं आहेत, छपरातून एक ओघळ आला की त्या चित्राचं काय होतं ते सांगायला नको.

सरळसोट

सगळं वाचलं. माफ करा पण मला हे सगळं जरा जास्तच रोमँटिक वाटतं. 'अख्खं गाव मिळून लिंपतं' वगैरे फोटोत छान दिसतं, पण जिथे गावच उरलं नाही तिथे कोण लिंपणार? पोरं शहरात गेली, लिंपणारे म्हातारे झाले. मी बांधकामातला माणूस आहे, आम्ही मातीच्या दाबलेल्या विटांमध्ये ५ ते ८ टक्के सिमेंट घालतो, विटा मस्त टिकतात, पावसात ठेवल्या तरी विरघळत नाहीत. मग हेच जुन्या वास्तूंना का नको? आपण मोबाइल नवा वापरायचा आणि भिंतीने मात्र पाचशे वर्षांपूर्वीचंच राहायचं, हा हट्ट कशाला?

गिलावेकर

भाऊ, नवीन बांधताना घाला की, कोण अडवतंय. नवीन भिंत पहिल्यापासून शेवटपर्यंत एकाच मिश्रणाची असते. इथे प्रश्न जुन्या मऊ भिंतीला नवीन कडक तुकडा जोडण्याचा आहे. पडलेल्या कोपऱ्यात सिमेंटवाल्या विटा बसवल्या की ओल त्यांना टाळून शेजारच्या जुन्या विटेतून बाहेर पडते, क्षार पण तिथेच जमतात, आणि पाच-सात वर्षांनी नवीन कोपरा दिमाखात उभा आणि शेजारची मूळ भिंत खंगलेली. दुरुस्ती नेहमी मूळ भिंतीपेक्षा थोडी मऊच असावी, झिजायचं तर तिने झिजावं. तीच तर तिची नोकरी.

पण माणसांबद्दल बोललात ते शंभर टक्के खरं. त्यावर माझ्याकडे उत्तर नाही. मी पाहिलेल्या कामांत माती कधी कमी पडली नाही, ती तुडवणारे पाय कमी पडले. आणि नुसते पाय नाही हो, चिखल आंबवायचा किती दिवस, पेंढा कितपत बारीक, हाताला चिकटला तर काय घालायचं आणि भेगाळला तर काय, हे ज्याला कळतं तो माणूस. एका कामावर एक म्हातारे मिस्त्री होते, ते चिखलाचा गोळा कानाजवळ नेऊन बोटांनी चोळायचे. आम्हाला वाटलं नाटक. नंतर कळलं, रेती जास्त असली की करकर ऐकू येते. आम्ही तीच गोष्ट बरणीत माती घोळून थर मोजून करत होतो, दुसऱ्या दिवशी उत्तर यायचं. त्यांना दोन सेकंदात.

मेघदूत_नव्हे

सरळसोट भाऊंच्या बाजूने पण एक सांगतो. परंपरेतही सगळीकडे फक्त माती-माती नव्हतं. येमेनमधलं शिबाम घ्या, कच्च्या विटांचे सात-आठ मजली उंच वाडे, बरेचसे सोळाव्या शतकापासूनचे. त्यांचे वरचे मजले आणि छपरं चुन्याने पांढरी केलेली असतात कारण पावसाचा मारा तिथे बसतो. म्हणजे कुठे माती आणि कुठे चुना हे त्यांनी ठरवलेलं होतं. आणि तरीही २००८ च्या ऑक्टोबरात वादीला (एरवी कोरडं असणारं तिथलं नदीपात्र) पूर आला तेव्हा धोका वरून नव्हताच, पायाकडून होता.

खारवट

पायाचा विषय निघाला म्हणून लिहितो, नाहीतर मी नुसता वाचणारा.

सगळे पावसावर बोलतायत, क्षारांचा मात्र नुसता ओझरता उल्लेख झालाय. जिथे पाऊस जवळपास पडतच नाही तिथल्या मातीच्या वास्तू पायातून खाल्ल्या जातात. तुर्कमेनिस्तानातलं मेर्व, उझबेकिस्तानातलं खिवा, बुखारा, सगळा वाळवंटी मुलूख. विसाव्या शतकात कापसासाठी कालवे काढले, शेतात पाणी सोडलं, जमिनीखालची पाण्याची पातळी वर आली. ते खारं पाणी भिंतीत वर चढतं, बाहेरच्या बाजूला वाळतं, पाणी उडून जातं आणि मीठ मागे राहतं. पांढरी बुरशी आल्यासारखं दिसतं त्याला आपण लोणा म्हणतो. वरून दिसणारा लोणा तसा निरुपद्रवी, झाडूने झाडता येतो. वाईट तो जो पापुद्र्याच्या आत स्फटिक होतो. तो फुगतो आणि मातीचे कण सुटे करतो, भिंतीच्या पायाशी आत वळलेली खोबण तयार होते, वरची भिंत जणू जिभेवर उभी. मग एक दिवस जोराचा वारा पुरतो.

आणि हवामानाचा संबंध इथे आहे. सोडियम सल्फेटसारखे क्षार हवेतल्या दमटपणाप्रमाणे पाणी धरतात-सोडतात, प्रत्येक फेरीला आतून ढकलतात. दमट-कोरडं-दमट अशा फेऱ्या वाढल्या की पावसाचा थेंब न पडता भिंत भुगा होते. ताई, तुझ्या डेझर्टेशनमध्ये एक प्रकरण ह्याला दे, बहुतेकजण विसरतात.

बाकी सिमेंटचं अजून एक, त्याच्यात स्वतःचेच क्षार असतात. म्हणजे आधीच खारट भिंतीला तुम्ही अजून मीठ पाजताय.

कोरडी_ओल

बापरे, एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं 🙏 खारवट दादा, 'जिभेवर उभी' हे मी चोरणार आहे.

मग पुढचा प्रश्न. माणसं नाहीत, गिलावा दरवर्षी शक्य नाही, केमिकल नको, सिमेंट नको. सरळ वर शेड टाकली तर? भिंतीला हातच लावायचा नाही, फक्त छत्री धरायची. आणि दुसरं म्हणजे मी कुठेतरी वाचलं की चीनच्या भिंतीवर शेवाळ वाढू द्यायचं म्हणतात, ते खरंय का? आम्हाला तर शिकवलं की झाडोरा दिसला की उपटा.

गिलावेकर

शेड चालते, कधी कधी उत्तम चालते. अ‍ॅरिझोनात कासा ग्रांदे आहे, चौदाव्या शतकातली चार मजली मातीची इमारत, तिच्यावर १९३२ मध्ये पोलादी छत्री उभारली ती आजही आहे. दिसायला कशीतरीच दिसते, पण इमारत आहे. तोटे पण लिहून ठेव. छपराच्या कडेने पडणाऱ्या पागोळ्या नीट वाहून नेल्या नाहीत तर त्या शेजारची जमीन खणतात, खांबांचे पाये पुरातत्त्वाच्या थरातून जातात, सावलीत ओल वाळायला वेळ लागतो, पक्षी घरटी करतात आणि विष्ठेचे क्षार भिंतीवर. आणि वाऱ्याबरोबर आडवा येणारा पाऊस छत्रीला विचारत नाही.

शिवाय एक तुकडा झाकता येतो, शहर झाकता येत नाही. पेरूमधलं चान चान सुमारे २० चौरस किलोमीटर पसरलंय, चिमू लोकांची राजधानी, सगळी कच्ची माती. एरवी तिथे पाऊस म्हणजे नावालाच आणि एल निनो आला की धो धो. १९८६ मध्ये जागतिक वारशाच्या यादीत आलं आणि त्याच वर्षी धोक्यातल्या वारशाच्या यादीतही गेलं. तिथे नक्षीच्या भिंतींवर छप्परं आहेत, पाण्याचे निचरे काढलेत, आणि कितीतरी भाग मातीखाली तसाच ठेवलाय. हा उपाय तुझ्या यादीत नाहीये बघ, परत पुरून टाकणे. उत्खनन केलं, मोजलं, फोटो काढले, आणि परत चांगल्या मातीने झाकलं. लोकांना बघायला काही मिळत नाही म्हणून कुणाला आवडत नाही. मला विचारशील तर मी निम्म्या जागा पुरून टाकीन.

मेघदूत_नव्हे

शेवाळाचं खरं आहे, पण अर्धंच सांगितलंय तुला कुणीतरी. २०२३ च्या शेवटी एक अभ्यास आला, चीनच्या भिंतीचे ठोकलेल्या मातीचे ६०० किलोमीटरहून जास्त लांबीचे भाग तपासले तेव्हा त्यातल्या ६७ टक्के भागावर जैविक साय आढळली, सायनोबॅक्टेरिया (उन्हावर जगणारे सूक्ष्मजीव) आणि मॉस (तू म्हणतेस ते शेवाळ) यांची, काही मिलिमीटर जाडीची. उघड्या मातीपेक्षा ह्या सायीखालची माती जास्त घट्ट निघाली, मॉस असलेली तर अजून. पण ही कोरड्या मुलखातली साय, हिला मुळं नाहीत. पिंपळासारख्यांना ती सवलत देऊ नकोस, मुळं भेग रुंद करतात आणि मग पाणी त्याच वाटेने. आणि हवामान बदललं की ह्या सायीचंही गणित बदलणार, मॉसला थोडी ओल लागते, फार कोरडं झालं तर ती मागे हटेल.

सरळसोट

ठीक आहे, सिमेंटचं मागे घेतो. पण मग पाण्याच्या निचऱ्याचं तरी नवीन करा ना राव, तिथे परंपरा कशाला कवटाळायची? पन्हळ लाकडाची होती म्हणून लाकडाचीच पाहिजे?

गिलावेकर

ह्यावर हात मिळवा. पन्हळ मोठी करा, संख्या वाढवा, लांब काढा म्हणजे पाणी भिंतीपासून दूर पडेल, छपराला उतार थोडा जास्त द्या, जोत्याभोवतीची चढलेली जमीन खाली घ्या (वर्षानुवर्षं धूळ-राडारोडा साचून जमीन जोत्याच्या वर येते आणि कुणाच्या लक्षातच येत नाही), नव्या पावसाच्या हिशोबाने चर काढा. भिंतीत हात घालण्याआधी माझे पहिले पैसे नेहमी पाण्यावर जातात. आणि गिलावा वर्षातून एकदाच केला पाहिजे असं कुठे लिहिलंय, पावसाळा लांबला तर मध्ये एक हात मारायचा. मात्र थरावर थर चढवत जाऊ नका, वजन वाढतं, सुटलेला थर आधी काढायचा मग नवीन.

कोरडी_ओल

अपडेट! गिलावेकर दादांचं वाचून राहवलं नाही म्हणून दोन कच्च्या विटा बनवल्या, एकाच मातीच्या, तेवढाच पेंढा, तीन आठवडे सुकवल्या. एकीला चारी बाजूंनी मातीचा गिलावा, दुसरीला सिमेंटचा, वरचं डोकं दोघींचं उघडं. मग दोघींना ओल्या रेतीच्या ट्रेमध्ये उभं केलं आणि रेती ओली ठेवत गेले.

मातीवालीवर दुसऱ्याच दिवशी काळपट रेघ चढलेली दिसली, चार बोटं वर, रेघेच्या काठावर पांढुरकं. घरातले म्हणाले ही गेली. सिमेंटवाली कोरडी ठक्क, काहीच नाही. आठवड्याने दोघींना बाहेर काढून सुक्या फळीवर ठेवलं आणि रोज वजन करत गेले. मातीवाली पाचव्या दिवशी जवळपास मूळ वजनावर आली. सिमेंटवालीचं आज बारावा दिवस आहे, वजन अजून रोज थोडं थोडं उतरतंय. आणि काल वजनकाट्यावर ठेवताना तिचा खालचा कोपरा हातात आला, सिमेंटचं कवच अख्खं आणि आतली माती बोटाला चिकटली.

खारवट

मातीवालीच्या काठावरचं पांढुरकं खरवडून ठेव, फेकू नको. आणि माती कुठून आणली होतीस, शेतातली का नदीकाठची?

कोरडी_ओल

खरवडून कागदात बांधलंय. शेतातली, विहिरीच्या पाण्यावरची. का हो?

खारवट

मग त्याच विटा परत एकदा कर, पाणी पावसाचं साठवलेलं वापरून. रेघ तेवढीच चढेल. पांढरं कमी येतं का ते बघ आणि इथे लिही.